पट्ट्याचं माप

त्या वर्षी वारं लवकर सुटलं, आणि झाडं त्याच्याही आधी वाळायला लागली. निलगिरीच्या सालीखाली किडा शिरला होता. बाहेरून खोड पांढरं, गुळगुळीत, हात फिरवत बसावं असं. साल ओढली की आत भुश्यानं भरलेल्या बारीक वाटाच वाटा. अशी झाडं वाऱ्यात डोलत नाहीत, एकदम मोडतात. त्यामुळे आम्हाला कामाचा तोटा नव्हता. लोक सकाळीच दारात येऊन उभे राहायचे. आमच्या छपरावर आलंय, आमच्या भिंतीवर कललंय, आधी आमचं करा. माझा नवरा सगळ्यांना हो म्हणायचा. झाडाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. घरात सासूबाई आहेत. पण मनात तो 'तो'च आहे, आणि झाडावर चढला की मग तर नक्कीच, कारण तिथे आम्ही तोंडानं बोलतच नाही. मशीनची करवत चालू असते, त्याचे कान झाकलेले असतात. त्याच्या कमरेपासून सामान वर घ्यायची एक बारीक दोरी खाली सोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोड. दोन म्हणजे ताण. तीन म्हणजे असशील तिथे थांब. घरी आम्ही मिठाच्या बरणीवरूनही भांडलो असू, पण झाडाखाली बावीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही.

दोरी हातात धरून उभं राहिलं की डोळे आपोआप अर्धवट मिटतात. वरून भुसा पडत राहतो, केसांत, पापण्यांवर. निलगिरीचा वास डोक्यात चढतो. मी कित्येकदा अशी उभ्या उभ्या भलतीकडेच गेलेली असायची. लहानपणीच्या घरात, कधी न पाहिलेल्या समुद्रावर. पण दोरी जरा वेगळी हलली की लगेच परत. दोरीवरून मला कळायचं, तो खुशीत आहे, दमलाय, की त्याच्या पायाला मुंग्या आल्यात.

म्हणूनच त्या दिवशी मी वर बघितलं. गिरणीमागच्या रस्त्यावरचं वाळलेलं झाड होतं. दोरी पार मेल्यासारखी लोंबत होती.

शेंडा कापायच्या आधी कमरेचा आखूड दोर खोडाभोवती घेऊन माणूस स्वतःला बांधून घेतो. तो दोर कापायच्या जागेच्या खाली घ्यायचा असतो. यात शिकवण्यासारखं काही नाही. माझ्या नवऱ्यानं तो वर घेतला होता. जो तुकडा तोडून खाली पाडायचा, त्यालाच स्वतःला बांधून त्यानं करवत सुरू केली होती.

मी तीन हिसके दिले. करवत चालूच. पुन्हा तीन दिले, दोरी अंगावर घेऊन जवळजवळ लोंबकळलेच. करवत बंद झाली. त्यानं खाली माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कमरेकडे. बराच वेळ तो त्या दोराकडे बघत राहिला. मग दोर सोडून, काहीही न कापता, सावकाश उतरला.

नवखा माणूस ही चूक करणार नाही. तो भीतीपायी चार वेळा तपासतो. ही चूक मुरलेलाच माणूस करतो, ज्याचे हात त्याला न विचारता काम करतात.

"आज वारं बरोबर नाही," तो म्हणाला.

रस्त्यावरचं एक पान हलत नव्हतं. मी दोर गुंडाळले आणि आम्ही घरी निघालो.

घरी सासूबाई पायरीवर बसून दुसऱ्या करवतीच्या साखळीला कानस मारत होत्या. हे काम त्यांनी आपणहून घेतलंय. एकेका दाताला तीन हात, पुढचा दात, पुन्हा तीन. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि साखळी अशी लावतात की दुकानातली नवी लाजेल.

"लवकर आलात."

"वारं बरोबर नाही," त्यानं पुन्हा सांगितलं आणि आत जाऊन आडवा झाला.

सासूबाईंनी अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. कपडे गपगार होते. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, बाथरूममधून येताना भिंतीला हात लावून येतो. मला वाटलं तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. दोरीवरून ज्याच्या पायाच्या मुंग्या कळतात त्याचं घरात चालणं मी बघितलं नव्हतं, याचा मला फार राग आला. आत जाऊन त्याच्या उशाशी बसले. तो छताकडे बघत होता.

"कधीपासून?"

"मान वर केली की झाड थांबतं आणि आभाळ चालायला लागतं," तो म्हणाला. आवाज असा, की दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतोय. "आधी बरं वाटायचं. वाटायचं, मी आणि झाड कुठेतरी निघालोय. मग एकदा कुठे हात धरायचा तेच कळेना. आज तर खालचं-वरचंच कळलं नाही."

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोर बोट नाचवलं, कानात बघितलं, रेघेवरून चालवलं. म्हणाले, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं जे असतं ते बिघडलंय. गोळ्यांनी कमी होईल, पूर्ण जाईल असं सांगत नाही. जमिनीवर शंभर वर्षं जगा. झाडावर चढायचं नाही.

त्यावर माझ्या नवऱ्यानं विचारलं, "लहान झाडावर?" डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

बातमीला पाय असतात की काय कोण जाणे. दोनच दिवसांत पाळणेवाला दारात. त्याच्याकडे लोखंडी हात असलेली मोठी गाडी आहे. हाताच्या टोकाला पाळणा, त्यात माणूस उभा करून वर नेतात. ना दोर, ना चढणं. रुंद रस्त्यावरची कामं तो आमच्यापासून कधीच घेऊन गेला होता. माणूस वाईट नाही. चपला बाहेर काढून आत आला, सासूबाईंची चौकशी केली.

"दादा, तुमच्यासारखा जाणता माणूस माझ्याकडे हवा," तो म्हणाला. "वर आमची माणसं असतातच. तुम्ही खाली फांद्या ओढायच्या, भुशाच्या मशीनला लावायच्या. डोक्याला ताप नाही. शनिवारपर्यंत सांगा." बरोबर आणलेलं एक नारिंगी जाकीट त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "माप मोठंच आहे, सगळ्यांना होतं." मग खुंटीवरच्या चढायच्या पट्ट्याकडे त्याची नजर गेली. "हे आता कुणा हौशी माणसाला देऊन टाका."

माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. त्याला चहा दिला. दारापर्यंत पोहोचवायला गेला आणि परत येताना चौकटीला हात लावला. मी बघत होते, आता मी सगळं बघायला लागले होते. फांद्या ओढण्यात कमीपणा नाही, मी जन्मभर तेच केलंय. पण दुसऱ्याच्या गाडीमागे, दुसऱ्याच्या माणसानं वरून खुणावल्यावर धावणारा माझा नवरा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हता.

त्याच संध्याकाळी शाळेच्या जुन्या बाई आल्या. आता निवृत्त झाल्यात, एकट्या राहतात. त्यांच्या घरामागे एक जुनी निलगिरी, अर्धी हिरवी आणि अर्धी वाळलेली, आणि वाळलेली बाजू नेमकी झोपायच्या खोलीवर. बोळ इतका अरुंद की पाळण्याची गाडी तोंडाशीच अडकली.

"ते म्हणाले, आमच्याच्यानं होणार नाही," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात वारं वाढणार आहे म्हणतात. मी स्वयंपाकघरात झोपते हल्ली. तुम्ही नाही म्हणालात तर घर सोडून भाचीकडे जाईन म्हणते."

"शुक्रवारी येतो," माझा नवरा म्हणाला.

बाई गेल्यावर मी भांडं आपटलं. "कोण चढणार आहे? मी की तुमचा तो डॉक्टर?"

"बघू," तो म्हणाला.

त्या हंगामात एकच मोठी वस्तू घ्यायची असं आमचं आधीपासून ठरलं होतं. त्याचा डोळा बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या करवतीवर. हलकी, आवाज जवळजवळ नाही, धूर नाही. तिचं माहितीपत्रक तीन वर्षं उशाखाली ठेवून घडीवर फाटलं होतं. माझं म्हणणं, आधी नवा दोर, कारण दोराला जीव टांगलेला असतो. यावर आमचे पुष्कळ वाद झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बाजारात गेला तेव्हा मी मनाशी म्हटलं, घेऊ दे करवत. आता नुसती भिंतीवर लावायला का होईना, घेऊ दे.

दुपारी आला तो बगलेत मोठी पिशवी. पिशवीतून निघाला चढायचा पट्टा. नवाकोरा, निळा, कमरेचा रुंद भाग आतून मऊ, मांड्यांचे दोन वळसे, दोन्ही बाजूंना कड्या.

माझं डोकंच फिरलं. "जुन्या पट्ट्याला काय धाड भरली होती? ना करवत, ना दोर. आणि हे तुमच्या मांडीत शिरेल तरी का? दुकानदारानं डोळे मिटून दिलेलं दिसतंय."

"माप बरोबर आहे."

"कुणाचं?"

सासूबाईंची कानस थांबली.

"काल रात्री तू झोपल्यावर दोरीनं घेतलं," तो म्हणाला. "कंबर, मग मांड्या. डाव्या मांडीच्या वेळी तू मला लाथ मारलीस."

बाहेर कुणाचं तरी दार वाऱ्यानं आपटत होतं.

चढायला मला येत होतं. वर्षातून दोनदा तो मला घरामागच्या झाडावर चढवायचाच. वरचा माणूस बेशुद्ध होऊन लटकला तर त्याला खाली आणायला खालच्याला चढता आलं पाहिजे, म्हणून. त्याच्या भल्यामोठ्या पट्ट्यात मी कमरेला चादर कोंबून चढायची आणि उतरेपर्यंत मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या द्यायची. पण कुणाला उतरवून आणणं वेगळं, आणि वर बसून फांदी तोडणं वेगळं. मला भीती वाटत होती. ती लपवण्यात काही अर्थ नाही.

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग आता काय म्हणतेय?"

"आता पट्टा हातात धरून म्हणतेयस."

मी खाली बघितलं. खरंच धरला होता, दोन्ही हातांनी.

"घालून तरी बघ," सासूबाई म्हणाल्या. "मात्र डाग पाडू नकोस, परत करावा लागला तर."

मी घातला. कड्या लावल्या. कमरेला बसला, मांड्यांना बसला, कुठे चादर कोंबायला नको, कुठे ओढायला नको. इतक्या वर्षांत मी अंगावर घातलेलं बहुतेक सगळं कुणाच्या तरी मापाचं आणि मग मला आटवलेलं. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि मला उगीचच रडू आलं. सासूबाईंनी पुन्हा कानस सुरू केली.

पुढचे तीन दिवस घरामागच्या झाडावर गेले. तो खाली खुर्ची टाकून बसायचा, मान वर करायची नाही म्हणून डोळे मिटून. नुसत्या आवाजावरून मला सांगायचा. "करवत घासतेय, कापत नाही. जरा मागे घे. आता टेक तिच्यावर. जोर नको, नुसतं वजन टाक." मी वर, तो खाली डोळे मिटून, आणि दोघांच्या मध्ये भुश्याचा पिवळा धूर उन्हात तरंगत असायचा. कधी कधी मला वाटायचं, आपण दोघेही झोपलोय आणि हे कुणाच्या तरी स्वप्नात चाललंय. संध्याकाळी दंड इतके दुखायचे की वेणी घालायला सासूबाई लागायच्या.

शुक्रवारी सकाळी बोळातून सगळं सामान डोक्यावर नेलं. त्यानं आपला जुना पट्टाही घेतला होता, खालच्याकडे तो असावाच लागतो. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या अंगावरचा निळा पट्टा बघितला, मग त्याच्याकडे.

"या चढणार? आणि तुम्ही?"

समोरच्या गच्चीत चार-पाच माणसं चहाचे कप घेऊन आली होती. त्यातला एक म्हणाला, "दादा, बायकोला वर धाडून आपण सावलीत का?" बाकीचे हसले. माझा नवरा माझ्या कड्या तपासत होता. एक, दुसरी, तिसरी, पुन्हा पहिली. त्याचे कान लाल झाले होते, पण हात शांत होते.

मी चढले. दोर त्यानं आधीच हिरव्या बाजूच्या मजबूत फांदीवरून टाकून घेतला होता. अंगाखालून छप्पर गेलं, गच्ची गेली, चहाचे कप गेले. वर वारा होता, खाली नव्हता. निलगिरी संथ हलत होती आणि तिच्याबरोबर मीही. घरांची छपरं दूरपर्यंत पसरलेली, मधूनच एखादा धूर, आणि त्यांच्यापलीकडे नदीची बारीक चकाकी, तिथे नदी आहे हे मला माहीत होतं पण इथून दिसते हे माहीत नव्हतं. खाली बघितलं तर माझ्या नवऱ्याचं टक्कल. ते इतकं वाढलंय हे मला आजच कळलं. मला हसू आलं आणि भीती बरीच कमी झाली.

"उजवीकडच्या बेचक्यात कप्पी बांध," त्यानं खालून सांगितलं. मोठी वाळकी फांदी तोडली की ती कप्पीवरून दोरानं हळू खाली सोडायची होती. कप्पीवर सगळा भार येणार.

मी बेचक्यापर्यंत सरकले. हातकरवतीच्या मुठीनं ठोकून बघितलं. आवाज बसका आला. सालीला राईएवढी भोकं होती आणि एकातून भुसा गळत होता.

"हे पोकळ आहे," मी ओरडून सांगितलं.

"नाही. काल मी नीट बघितलंय. बांध तू."

"खालून बघितलंत. मी ठोकून सांगतेय."

"बावीस वर्षं झाडं बघतोय मी. बांध."

गच्चीतलं हसणं थांबलं होतं. सगळे ऐकत होते. मी कप्पी बांधली नाही, नुसती बसून राहिले. थोड्या वेळानं बघते तर तो वाकून जुना पट्टा चढवत होता.

"उतर," तो म्हणाला. "मीच येतो."

त्यानं एक कडी लावली. दुसरी लावताना त्याचा तोल गेला, त्यानं खोडाला हात टेकला, आणि पुन्हा कडी लावायला लागला. ओठ घट्ट मिटलेले. मला दिसत होतं, हा माणूस गच्चीतल्या त्या चार कपांसमोर आज चढणार आणि पडणार. मी उतरले की दोर मोकळा होणार, दोर मोकळा झाला की तो चढणार.

सामानाची दोरी त्याच्या खांद्यावरून खाली गेलेली होती. मी ती पकडून तीन हिसके दिले.

तो थांबला. मी अजून तीन दिले. मग म्हणाले, "मी उतरणार नाही. संध्याकाळ होऊ दे, रात्र होऊ दे, मी इथेच बसते."

तो दोरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मान वर करत नव्हता. वारा आला, गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. कुठेतरी एक खिडकी लागली. झाड आम्हाला दोघांना घेऊन हलत होतं असं मला वाटलं, मला वरून आणि त्याला खोडाला टेकलेल्या हातातून. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्यानं एक कडी सोडली. दुसरी सोडली. पट्टा काढून नीट घडी करून भिंतीशी ठेवला.

"मग कुठे बांधतेस?" त्यानं विचारलं.

"डावीकडे, ओल्या फांदीवर. पण तिच्यावर एवढा भार नको. तुकडे लहान करावे लागतील. दिवस जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि हातमोजे चढवून सोडायच्या दोराचा खोडाला वेढा घेतला.

दिवस गेला. मी कापत होते, तो दोर सैल सोडत होता, आणि एकेक तुकडा बाईंच्या छपरावरून असा अलगद उतरत होता की एक कौल हललं नाही. मी याच दोराला इतकी वर्षं उभी राहिले, पण इतक्या हळुवार मला कधी जमलं नव्हतं. दुपारनंतर आम्ही बोललोच नाही. शेवटी उजवीकडचं बेचकं कापलं. ते खाली टेकल्यावर त्यानं मोजा काढून आत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला. मग त्यानं हात बाहेर काढून विजारीला पुसला.

मी उतरले तेव्हा गच्ची रिकामी होती. बाई चहा घेऊन आल्या. झोपायच्या खोलीवर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं होतं, त्या पुन्हा पुन्हा तिकडेच बघत होत्या. मग फाटकाजवळच्या दुसऱ्या निलगिरीकडे बोट दाखवून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "हिचं काय? हीसुद्धा काढावी लागेल का? तुम्ही कधी येऊ शकाल?"

तो दोर गुंडाळत होता. हाताच्या कोपरापासून अंगठ्यापर्यंत, पुन्हा कोपरापासून, नेहमीसारखा.

"तिला विचारा," तो म्हणाला. "वर ती जाते."

आवाजात काही नव्हतं, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसा साधा आवाज. तो गुंडाळत राहिला. बाई वाट बघत होत्या. मी कप खाली ठेवला, फाटकाजवळ गेले आणि हातकरवतीच्या मुठीनं खोड ठोकून बघितलं.